ओट्यावरची आठवण, कोठीतली आठवण

मोबाइलच्या दुकानात काचेखाली मांडलेल्या प्रत्येक फोनसमोर दोन आकडे लिहिलेले असतात. ८ जीबी, १२८ जीबी. दुकानदार ते एका दमात म्हणून टाकतो आणि आपणही मान डोलावतो. घरी आल्यावर मात्र प्रश्न पडतो की दोन्ही ‘मेमरी’च आहेत, तर एक एवढी लहान आणि दुसरी एवढी मोठी का? आणि १२८ जीबी रिकामी असताना फोन अडकत का होता?

आपल्या घरातील मुलांना याचे उत्तर पाठ असते. प्राथमिक स्मृती आणि दुय्यम स्मृती, म्हणजे प्रायमरी मेमरी आणि सेकंडरी मेमरी, यांतील फरक लिहा, हा प्रश्न संगणकाच्या परीक्षेत हमखास येतो आणि मुले तो लिहूनही येतात. परंतु ज्या फोनवर ती अभ्यास करतात, त्याच फोनमध्ये दादीचे शेवटचे फोटो आहेत, अब्बांच्या जमिनीच्या कागदांचे स्कॅन आहेत, बहिणीच्या निकाहचा व्हिडिओ आहे, आणि ते सगळे नेमके कुठे ठेवलेले आहे, किती दिवस टिकेल, हे विचारले तर घरातील मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही सांगता येत नाही. म्हणून या महिन्यात आपण हा परीक्षेतला प्रश्न घरात आणून पाहू.

ओटा आणि कोठी

रमजानच्या दिवसांत मगरिबच्या आधीचे अर्धा तास आपले स्वयंपाकघर आठवून पाहा. ओट्यावर एकीकडे भज्यांचे पीठ, दुसरीकडे चिरलेली फळे, मध्येच शरबताचे भांडे. तेल, मीठ, तिखट हाताशी. बाकीचा सगळा किराणा, म्हणजे महिन्याचे पीठ, तांदूळ, डाळी, साखर, कोठीच्या खोलीत किंवा फडताळातल्या डब्यांत. काम करणारा हात ओट्यावरच चालतो. कोठीतल्या डब्यात हात घालून कुणी भजी तळत नाही. जे लागेल ते कोठीतून ओट्यावर आणायचे, काम झाले की उरलेले परत डब्यात भरायचे, आणि रात्री ओटा पुसून स्वच्छ करायचा.

संगणक आणि फोन यांचे काम याच पद्धतीने चालते. हिशेब करणारा, चित्रे दाखवणारा, गाणी किंवा तिलावत ऐकवणारा जो भाग असतो त्याला प्रोसेसर म्हणतात. हा झाला स्वयंपाक करणारा हात. तो ज्यावर काम करतो तो ओटा म्हणजे रॅम, म्हणजेच प्राथमिक स्मृती. आणि कोठी म्हणजे दुय्यम स्मृती. फोनमध्ये ती आतच बसवलेली असते, संगणकात तिला हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणतात. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही तिचीच छोटी भावंडे. दुकानातला ८ जीबी हा ओट्याचा आकार, १२८ जीबी हा कोठीचा.

आता दोन तक्रारी वेगळ्या कराव्या लागतात. एकाच वेळी पाच-सहा अॅप उघडली आणि फोन अडखळू लागला, तर ओटा लहान पडतो आहे. ‘स्टोरेज फुल’ असा संदेश आला, तर कोठी भरली आहे. पहिल्या तक्रारीवर बहुतेक वेळा फोटो पुसून उपयोग होत नाही आणि दुसरीवर अॅप बंद करून उपयोग होत नाही. कोठी अगदी गच्च भरली तर मात्र डबे काढता-ठेवताना अडचण व्हावी तसा फोनही मंदावतो. थोडी जागा मोकळी ठेवणे केव्हाही चांगले.

दुकानात आणखी दोन गोष्टी कानावर येतात. कोठीला काही जण ‘रॉम’ म्हणतात आणि जाहिरातीतही तसे छापलेले असते. खरी रॉम वेगळी. यंत्र सुरू होताना पहिल्या सूचना कुठून घ्यायच्या, त्या कायमच्या कोरून ठेवलेल्या छोट्या जागेचे ते नाव आहे. अभ्यासक्रमात ती प्राथमिक स्मृतीतच मोजतात, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. दुसरी गोष्ट, ‘८ अधिक ८, म्हणजे १६ जीबी रॅम’ ही जाहिरात. त्यातले दुसरे ८ जीबी रॅम नसून कोठीतलाच एक कोपरा ओटा म्हणून वापरायला दिलेला असतो. थोडी मदत होते, पण खऱ्या ओट्याची सर त्याला येत नाही.

‘अम्मी’ शब्दाला किती जागा लागते?

कोठीत आणि ओट्यावर जे ठेवले जाते ते शेवटी काय असते? फक्त दोन खुणा, शून्य आणि एक. विजेचा भार आहे किंवा नाही, चुंबकाचे तोंड या दिशेला आहे किंवा त्या. अशा एका खुणेला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. सुमारे हजार बाइटचा एक केबी, हजार केबीचा एक एमबी, हजार एमबीचा एक जीबी. रॅम मोजताना हजाराऐवजी १,०२४ धरतात. कोठीचा आकार विकताना कंपन्या १,००० धरतात आणि फोन चालवणारी प्रणालीही बरीच जागा घेते. १२८ जीबीचा फोन घेतला तरी हातात तेवढी जागा येत नाही ती यामुळे.

आपल्या घरांत दोन-तीन लिपी नांदतात, म्हणून एक गंमत पाहू. रोमन लिपीत ‘अम्मी’ लिहायला चार अक्षरे लागतात आणि प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे चार बाइट. उर्दूत अलिफ, मीम आणि ये ही तीन अक्षरे लागतात. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे तश्दीद न लावता सहा. मराठीत मात्र अ, म, पाय मोडायची खूण, पुन्हा म आणि दीर्घ वेलांटी अशा पाच खुणा साठवाव्या लागतात आणि प्रत्येक खुणेला तीन बाइट. झाले पंधरा. म्हणून आपल्या भाषेत लिहिले तर फोन भरेल अशी भीती कुणी बाळगू नये. फोनने काढलेल्या एका साध्या फोटोला तीन-चार एमबी लागतात. तेवढ्या जागेत ‘अम्मी’ हा शब्द दोन लाखांहून अधिक वेळा लिहिता येईल. फोन भरतो तो मजकुराने नव्हे, सकाळी-सकाळी येणाऱ्या फुलांच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी.

रॅमचा दौर

रॅमच्या आत काय चालते ते पाहण्यासारखे आहे. रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी एक अतिशय सूक्ष्म विद्युत-साठा असतो, त्याला कपॅसिटर म्हणतात. त्यात भार भरलेला असेल तर एक, नसेल तर शून्य. त्याचे दार उघडण्या-मिटण्यासाठी एक ट्रान्झिस्टर. ही साधी रचना आयबीएम कंपनीतील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना सुचली आणि १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेल कंपनीने या जातीची जी चिप बाजारात आणली तिच्यात १,०२४ बिट मावत. आजच्या पद्धतीने मोजले तर ‘अम्मी’ हा शब्द त्यात आठ वेळा लिहिता आला असता. आज ८ जीबीच्या रॅममध्ये असे सुमारे ६,९०० कोटी सूक्ष्म साठे असतात.

पण या साठ्यांना गळती असते. फुटक्या माठासारखा भार झिरपत जातो आणि क्षणभर दुर्लक्ष केले तर ‘एक’चा ‘शून्य’ होतो. म्हणून यंत्र प्रत्येक साठा वाचते आणि पुन्हा भरते. साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या-सोळाव्या भागात, सर्व साठ्यांवरून ही एक फेरी पूर्ण व्हावी लागते. फोन चालू असेपर्यंत हे अखंड चालते, आपण त्याला हात लावला नाही तरी.

ज्यांच्या घरात हाफिज आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. हिफ्ज पूर्ण झाले म्हणून कुणी थांबत नाही. रोजचा दौर चुकला की पारा कच्चा होऊ लागतो, हे प्रत्येक हाफिज सांगेल. तरावीहमध्ये मागे ऐकणारा सामे उभा असतो आणि अडखळताच लुकमा देतो, तो त्याचसाठी. लक्षात ठेवलेले पुन्हा पुन्हा ताजे करावे लागते. रॅमचा दौर फार वेगवान आहे, एवढेच. आणि माणूस रात्री झोपून सकाळी उठला तरी त्याचा पाठ शाबूत असतो, रॅमला मात्र वीज गेली की काहीच आठवत नाही.

गावाकडे वीज जाते तेव्हा हे प्रत्यक्ष दिसते. मुलगी डेस्कटॉप संगणकावर प्रकल्पाची चार पाने टाइप करते, ‘सेव्ह’ करायचे राहून जाते आणि दिवे जातात. ती चार पाने ओट्यावर होती, कोठीत गेलीच नव्हती. ‘सेव्ह’ करणे म्हणजे ओट्यावरचे उचलून डब्यात भरणे. आजकालचे अनेक प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने स्वतःहून हे काम करतात, तरी पूर्णपणे त्यांच्या भरवशावर राहू नये. दर परिच्छेदानंतर एकदा ‘सेव्ह’ करण्याची सवय मुलांना लावावी.

मग सगळे कोठीतच का ठेवत नाहीत?

कारण कोठी दूर आहे. किती दूर, ते ढोबळमानाने सांगतो. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला एक सेकंद लागतो असे समजा. प्रत्यक्षात तो सेकंदाचा एक कोटीवा भाग असतो, पण आपण ताणून एक सेकंद धरू. त्याच मापाने एसएसडीमधून तीच गोष्ट आणायला सुमारे सतरा मिनिटे लागतील आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून आणायला एक दिवसाहून अधिक. भजी तळताना प्रत्येक चिमूट मिठासाठी कुणी दुसऱ्या गावाला जाणार नाही. म्हणून ओटा हवाच. उलट, सगळी कोठीच ओट्यासारखी करावी म्हटले तर रॅम फार महाग पडते, आणि वीज गेली की पुसली जाते ती वेगळीच. एक वेगासाठी, एक टिकण्यासाठी. दोन्ही जोडीने लागतात.

कोठीचे प्रकार

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावत होती पन्नास लाख अक्षरे. आजच्या फोनने काढलेला एखादा फोटो मावेल एवढीच ती जागा. तत्त्व मात्र आजही तेच आहे. तबकडीवर चुंबकीय लेप असतो. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि तिच्यावरून एक बारीक डोके फिरत चुंबकाच्या खुणा वाचते, लिहिते. डोके आणि तबकडी यांतले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. चालू हार्ड डिस्क हातातून पडली तर डोके तबकडीवर घासते आणि खुणाच खरवडल्या जातात. तिला चालू असताना हलवू नये, असे सांगतात ते यासाठी.

फोन, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी यांत फिरणारे काहीच नसते. त्यात फ्लॅश मेमरी असते. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. इथे विजेचे कण एका सूक्ष्म पेटीत कोंडून ठेवतात आणि पेटीच्या भोवती वीज वाहू न देणाऱ्या पदार्थाची भिंत असते. वीज बंद केली तरी कण आतच राहतात, म्हणून फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी फोटो जागेवर असतात. पण प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना ही भिंत थोडी झिजते. म्हणजे पुसण्या-लिहिण्याला मर्यादा आहे. शिवाय कोंडलेले कणही वर्षानुवर्षांत हळूहळू निसटतात. लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये भरून तो कपाटात कुलूपबंद केला आणि दहा वर्षांनी काढला, तर तो वाचता येईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

बाजारात अगदी स्वस्तात ‘एक हजार जीबी’चे पेन ड्राइव्ह मिळतात, त्यांपासून सावध राहावे. आत छोटीशी चिप असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगण्याची सोय केलेली असते. खरी जागा भरल्यावर पुढचे फोटो नीट साठवलेच जात नाहीत किंवा आधीच्या फोटोंवर लिहिले जातात. संगणक मात्र ‘कॉपी झाले’ असे सांगत राहतो.

म्हणजे कोठी ओट्यापेक्षा टिकाऊ आहे, पण कायमची नाही. धान्याला कीड लागते, डब्याला गंज चढतो, तसे हिचेही आहे.

पुसले म्हणजे गेले का?

इथे एक उलटी गोष्टही समजून घ्यावी लागते. जे टिकावे असे वाटते ते जाते आणि जे गेले असे वाटते ते बरेचदा जात नाही.

फाइल ‘डिलीट’ केली की यंत्र साधारणपणे ती लगेच खरवडून काढत नाही. फक्त यादीतून तिचे नाव काढते आणि ‘ही जागा आता रिकामी धरा’ अशी नोंद करते. डब्यावरची चिठ्ठी काढली, पण डाळ आतच राहिली. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकार माणूस ती पुन्हा मिळवू शकतो. फोनमधील फोटो तर पुसल्यावरही बहुधा महिनाभर ‘ट्रॅश’ किंवा ‘नुकतेच हटवलेले’ या कप्प्यात पडून असतात. चुकून पुसलेला फोटो परत हवा असेल तर आधी तिथे पाहावे. आणि मेमरी कार्डावरचे काही पुसले गेले असेल तर त्या क्षणापासून त्यावर नवे काही न साठवता जाणकाराकडे न्यावे.

ही सोय आहे तसाच धोकाही. जुना फोन किंवा लॅपटॉप विकताना घरातील स्त्रियांचे, मुलांचे फोटो, बँकेचे कागद, खासगी बोलणे त्याच्याबरोबर दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. फोन देताना आधी मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्यावे, आपली खाती त्यातून बाहेर काढावीत आणि मग ‘फॅक्टरी रीसेट’ करावे. गेल्या काही वर्षांतील बहुतेक फोनमध्ये सगळा मजकूर कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो आणि रीसेट केल्यावर त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. म्हणून तिथे हे पुरेसे ठरते. जुन्या लॅपटॉपच्या फिरत्या हार्ड डिस्कला मात्र झटपट फॉरमॅट पुरत नाही. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहून घ्यावे किंवा डिस्क काढून आपल्याजवळ ठेवावी.

झेरॉक्सच्या दुकानाचेही असेच. आधार कार्ड, राशन कार्ड, दाखले प्रिंट काढण्यासाठी आपण दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो, दोन रुपये देतो आणि निघतो. आपल्या हातात कागद आला, पण त्याची प्रत दुकानाच्या संगणकाच्या कोठीत राहिली. काम झाल्यावर ‘भाई, फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिनमधूनही काढा’ असे नम्रपणे सांगून समोरच करून घ्यावे. दुकान चालवणाऱ्या आपल्या वाचकांनीही लक्षात घ्यावे की गिऱ्हाईकाने दिलेला कागद ही अमानत आहे, मग तो कागदावर असो वा पडद्यावर.

जतन करणे हे माणसाचे काम

जतन म्हणजे काय, याची शिकवण आपल्या इतिहासात आहे. पवित्र कुरआनच्या रक्षणाची हमी स्वतः अल्लाहने सूरह हिज्रमध्ये दिली आहे. त्याची तुलना यंत्रांशी करण्याचा आमचा हेतू नाही. पण सहाबांनी माणूस म्हणून जे प्रयत्न केले त्यांतून आपण नक्कीच शिकू शकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीत कुरआन अनेकांच्या छातीत हिफ्ज होते आणि चामडे, खजुरीच्या फांद्या, सपाट दगड अशा साधनांवर लिहिलेलेही होते. यमामाच्या लढाईत बरेच हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी चिंता व्यक्त केली आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सर्व एकत्र लिहून काढण्याची जबाबदारी सोपवली. हजरत जैद स्वतः हाफिज होते, तरी त्यांनी केवळ आठवणीवर न थांबता लिखित तुकडेही गोळा करून पडताळले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रती तयार करवून निरनिराळ्या प्रदेशांत पाठवल्या. पाठांतर आणि लेखन दोन्ही, पडताळणी, आणि प्रती एकाच गावात न ठेवणे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदारही ठेवा, ही सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतील आज्ञाही आपल्याला ठाऊक आहे. एकाच गोष्टीवर विसंबून राहू नये, हा धडा आपल्याला नवा नाही.

आज संगणक जाणणारे लोक हेच तीन-दोन-एक या आकड्यांत सांगतात. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकारांनी लोकप्रिय केला. घराबाहेरची प्रत कशासाठी, हे कोकणातील आपल्या वाचकांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुराच्या पाण्याखाली गेले. अशा पुरात कपाटातले कागद आणि त्याच कपाटातला पेन ड्राइव्ह दोन्ही एकाच वेळी भिजतात. एका घरातल्या दोन प्रती पाण्याच्या दृष्टीने एकच प्रत.

घरोघरी हे कसे करावे?

पहिले, यादी करा. निकाहनामा, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचा दाखला, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, घराची कागदपत्रे, विम्याचे कागद, पासपोर्ट. त्यांचे स्वच्छ उजेडात स्कॅन करा. नाव ‘आयएमजी’ आणि आकडे असे न ठेवता ‘दादाजी सातबारा’ असे ठेवा, म्हणजे गरजेच्या वेळी सापडेल. शासनाने दिलेले बरेचसे दाखले डिजिलॉकरमध्ये थेट घेता येतात. २०१५ पासून ही सरकारी सोय आहे आणि संबंधित खात्याने तिथे दिलेला दस्तऐवज मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो. आपण स्वतः स्कॅन करून तिथे चढवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नाही, हा फरक ध्यानात ठेवावा.

दुसरे, फोटो आणि आवाज. एक प्रत फोनमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. क्लाउड आकाशात नसतो. दूर कुठेतरी असलेल्या इमारतीतील संगणकांच्या कोठ्या म्हणजे क्लाउड. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, पण ती मेल, फोटो आणि ड्राइव्ह या सर्वांत मिळून असते, आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. आणखी एक खबरदारी. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असले की फोनमध्ये पुसलेला फोटो क्लाउडवरूनही पुसला जातो. ती आरशातली प्रतिमा झाली, वेगळी प्रत नव्हे. म्हणून न जोडलेली हार्ड डिस्क लागतेच.

तिसरे, तपासणी. वर्षातून दोनदा, समजा दोन्ही ईदच्या आधी घर झाडताना, डिस्क लावून दोन-चार फाइल उघडून पाहा. चार-पाच वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर उतरवून घ्या. घराघरांतल्या जुन्या फ्लॉपीवर काय होते, हे आज पाहता येत नाही, कारण ती वाचणारे यंत्रच उरले नाही. साधन बदलले की त्याबरोबर आपणही मजकूर पुढे न्यायला हवा.

चौथे, किल्ली. घरातील कर्त्या माणसाचा फोन फक्त त्याच्याच बोटाने उघडत असेल आणि त्याला काही झाले, तर सगळे जपलेले असूनही कुणाच्या हाती लागत नाही. गुगलने दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण ठेवले आहे. खाते बरेच दिवस वापरले गेले नाही तर त्यातील मजकूर कुणाला मिळावा, हे आधीच नेमून ठेवण्याची सोयही गुगलने दिली आहे. आयफोनवरही असा वारस नेमता येतो. वसीयत लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला आहेच. तिच्याबरोबर बंद पाकिटात खात्यांची नावे आणि पासवर्डही ठेवले, तर मागे राहणाऱ्यांचे हाल वाचतील.

यातले बहुतेक काम घरातील दहावी-बारावीचे मूल करू शकते. त्याने परीक्षेसाठी प्राथमिक आणि दुय्यम स्मृतीतील फरक पाठ केलेलाच आहे. येत्या जुम्याच्या दुपारी जेवण झाल्यावर त्याला अब्बा-अम्मींच्या शेजारी बसवा, कागदांची पेटी उघडा आणि निकाहनाम्यापासून सुरुवात करा. आणि दादा-दादी, नाना-नानी हयात असतील तर त्याच बैठकीत फोन समोर ठेवून त्यांना आपल्या गावाबद्दल, वडिलांबद्दल दहा मिनिटे बोलते करा. त्यांच्या आठवणीची आज एकच प्रत आहे.